नळाचं पाणी उलटं पण जातं बरं का! आमच्या जीवामृताच्या ड्रमची भानगड

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी सहाला पाणी आलं, आईने ओट्याजवळचा डायरेक्ट नळ (म्हंजे टाकीवरचा नाही, थेट महापालिकेच्या लाइनीवरचा) सोडला आणि तिथूनच हाक मारली, "अरे इकडे ये, पाण्याला शेणाचा वास येतोय." मी झोपेतच म्हटलं की लाइन फुटली असेल कुठेतरी, थोडं वाहू दे. पण आई ऐकेना, हंडा तसाच उचलून माझ्या नाकाशी आणला. पिवळट पाणी, वर बारीक कोंड्यासारखं काहीतरी तरंगतंय, आणि वास नुसता शेणाचा नाही तर शेण अधिक गूळ, थोडासा आंबूस. हा वास आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा आहे कारण अण्णा (म्हंजे वडील) रिटायर झाल्यापासून अंगणात जीवामृत, म्हंजे झाडांना घालायचं शेणाचं पातळ खत, बनवतात. दोनशे लिटरचा निळा ड्रम, त्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, आणि वरून पाणी.

तर प्रश्न असा की अंगणातल्या ड्रममधलं जीवामृत स्वयंपाकघरातल्या नळात आलंच कसं? नळातून ड्रममध्ये पाणी जातं, ड्रममधून नळात कसं येईल, असं अण्णा म्हणाले, आणि मलाही दोन मिनिटं तेच पटलं.

मग ड्रम बघितला. आदल्या दिवशी काठोकाठ भरलेला ड्रम वीतभर खाली उतरला होता, आतल्या बाजूला शेणाचा ओला पट्टा स्पष्ट दिसत होता. अण्णा म्हणे ड्रमला बारीक भोक पडलं असेल. पण भोक असतं तर पाणी उतरतच राहिलं असतं ना, आणि खाली जमीन पण ओली दिसली असती. पाणी थांबलं होतं ते बरोबर त्या हिरव्या नळीच्या तोंडाशी! अंगणातल्या नळाला लावलेली कुंड्यांची नळी, जिचं टोक ड्रममध्ये वीतभर बुडवून ठेवलेलं होतं, आणि नळ सोडलेलाच. अण्णा ड्रममध्ये पाणी भरत होते, तेवढ्यात सप्लाय गेला, ते चहाला आत आले आणि नळ बंद करायचा राहून गेला. बस, एवढंच झालं होतं. वीतभर म्हंजे हिशोबाने साधारण पन्नासेक लिटर जीवामृत आमच्या ड्रमातून नळीत, नळीतून नळात आणि नळातून गल्लीच्या लाइनीत गेलं, आणि आमच्या पाइपात जे शिल्लक राहिलं ते दुसऱ्या दिवशी सप्लाय आल्यावर आईच्या हंड्यात आलं.

याला प्लंबिंगच्या भाषेत बॅकफ्लो म्हणतात. पाणी उलटं फिरणं, एवढाच अर्थ. आणि हे फक्त आमच्यासारख्या शेणाच्या ड्रमवाल्यांकडे होतं असं नाही, बादलीत बुडालेली नळी, कमोडमध्ये पडलेला जेट स्प्रे, अंडरग्राउंड टाकीत तळापर्यंत सोडलेला पाइप, बोअरची आणि महापालिकेची एकत्र जोडलेली लाइन, यातलं एक तरी आपल्या बहुतेकांच्या घरात सापडेल. म्हणून जरा पाल्हाळ लावून सांगतो.

पाण्याला पुढे कुठलं आणि मागे कुठलं ते कळत नाही. जिथे प्रेशर जास्त तिथून जिथे कमी तिकडे ते जातं, संपला विषय. रोज लाइनीत प्रेशर जास्त असतं आणि आपल्या बादलीत काहीच नसतं म्हणून पाणी बादलीत येतं. पण ज्या क्षणी लाइनीतलं प्रेशर बादलीपेक्षा कमी होईल त्या क्षणी, जर मधला रस्ता पाण्याने भरलेला आणि उघडा असेल, तर बादलीतलं पाणी लाइनीत जाणार. ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल काढताना नळी तोंडाने ओढतो आणि एकदा धार लागली की नळी कॅनमध्ये सोडून देतो, मग डिझेल स्वतःहून टाकीच्या काठावरून चढून खाली उतरत राहतं, आठवतं का? तसंच. फक्त इथे तोंडाने कोणी ओढावं लागत नाही, नळी आधीच भरलेली असते आणि सप्लाय बंद झाला की ओढायचं काम लाइन करते.

आपल्याकडे हे जास्त होण्याचं कारण म्हंजे पाणी चोवीस तास नसतं. तास दीड तास सप्लाय, मग व्हॉल्व्ह बंद. व्हॉल्व्ह बंद झाला की लाइनीत उरलेलं पाणी उताराकडे पळतं, खालच्या घरांत अजून थोडा वेळ पाणी येत राहतं आणि वरच्या घरांचे पाइप रिकामे होतात, आणि रिकामे होताना ते हवा ओढतात. तुम्ही ऐकलं असेल, पाणी जाताना नळ सुस्कारा टाकतो, सूंऽऽ असा. त्यावेळी नळाच्या तोंडाशी ओला कागदाचा तुकडा धरून बघा, चिकटतो. तो नळ हवा ओढतोय म्हणून आवाज येतो. तिथे हवेच्या ऐवजी शेणाचं पाणी असेल तर तो शेणाचं पाणी ओढेल, त्याला काय फरक पडतो.

त्यात भर म्हंजे लाइनीवर डायरेक्ट लावलेल्या मोटारी. आमच्या गल्लीत कोणाकोणाकडे आहेत ते सगळ्यांना माहिती आहे आणि कोणीच बोलत नाही. ही मोटार नियमात तर बसत नाहीच, पण लोकांना वाटतं की तिचा तोटा एवढाच की शेजाऱ्याला पाणी कमी येतं. खरा तोटा वेगळाच आहे. सप्लाय बारीक झाला की मोटार लाइनीत निर्वात पोकळी तयार करते, आणि मग गल्लीत जिथे म्हणून फट असेल तिथून आत ओढलं जातं. जुन्या लाइनीचा गळका जॉइंट आहे आणि शेजारून गटार जातंय, तर सप्लाय चालू असताना त्या जॉइंटातून पाणी बाहेर गळतं आणि मोटार ओढत असताना त्याच जॉइंटातून गटाराचं पाणी आत येतं. जुन्या नाशकातल्या अरुंद बोळांत पाण्याची लाइन आणि ड्रेनेज किती जवळून जातात ते बघितलं असेल तर जास्त सांगायला नको. आणि सिंहस्थ जवळ आला की रस्ते उकरायला सुरुवात होते, जेसीबीचा दात लागून लाइन फुटली की त्या भागातलं प्रेशर एकदम शून्य. अशा दिवशी बादलीतली नळी सगळ्यात धोक्याची.

हे काही माझ्या डोक्यातलं नाही. १९६९ साली अमेरिकेत वुस्टर गावातल्या होली क्रॉस कॉलेजची फुटबॉल टीम एकाच वेळी काविळीने आजारी पडली, खेळाडू आणि कोच मिळून ९७ जणांपैकी ९० जणांना लागण, दोन सामन्यांनंतर उरलेला सीझन रद्द करावा लागला. शोध घेतल्यावर निघालं ते असं: मैदानाला पाणी मारायचे स्प्रिंकलर जमिनीतल्या खड्ड्यांत बसवलेले होते, त्या खड्ड्यांत पाणी साचायचं, आणि शेजारची मुलं, ज्यांच्यात कावीळ होती, ती त्या पाण्यात खेळायची. ऑगस्टच्या शेवटी गावात आग लागली, फायर ब्रिगेडने हायड्रंटमधून जोरात पाणी उपसलं, त्या भागातलं प्रेशर पडलं, आणि खड्ड्यातलं पाणी उलटं ओढलं जाऊन खेळाडूंच्या प्यायच्या नळाच्या लाइनीत आलं. काविळीला दिसायला तीन-चार आठवडे लागतात त्यामुळे तोपर्यंत कोणाला काही पत्ता नाही. त्याच्या आधी १९३३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन होतं तेव्हा दोन हॉटेलांच्या प्लंबिंगमधल्या घोळामुळे अमीबाचा आमांश पसरला, हजाराच्या वर लोक आजारी आणि ९८ मेले. आणि २००७ मध्ये फिनलंडमधल्या नोकिया गावात (हो, मोबाइलवाल्या कंपनीला नाव दिलं तेच गाव) सांडपाणी केंद्रातली लाइन पिण्याच्या लाइनीला एका व्हॉल्व्हने जोडलेली होती, तो उघडला गेला आणि हजारो लोक जुलाब-उलट्यांनी आडवे झाले. तिन्ही ठिकाणी मूळ पाणी चांगलं होतं. घाण वाटेत मिसळली.

आपलंही तसंच. गंगापूर धरणाचं पाणी शुद्धीकरण केंद्रात येतं, तुरटीने गाळ बसवतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन टाकतात. नळाशी पोचेपर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं आपलं भारतीय मानक सांगतं, म्हंजे वाटेत थोडीफार घाण मिसळली तर मारायला तेवढं राखीव. पण पन्नास लिटर जीवामृतापुढे ते ०.२ मिलिग्रॅम काय करणार, तेवढं शेण बघूनच ते संपतं.

आता बॅकफ्लोचा दुसरा प्रकार. पहिल्यात लाइन ओढते, दुसऱ्यात तुमच्याकडून ढकललं जातं. याचं सगळ्यात सोपं उदाहरण तुमच्या बाथरूममध्येच आहे. सोलर किंवा गिझर असलेल्या घरात कधी थंडच्या नळाला गरम पाणी आलंय का? आम्हाला वाटायचं उन्हाने टाकी तापली. ती पण तापते नाशिकच्या एप्रिलमध्ये, पण सकाळी सहाला कशी तापेल? होतं असं की मिक्सरला हँड शॉवर लावलेला असतो, गरम आणि थंड दोन्ही कॉक उघडे, आणि पाणी बंद करायला फक्त शॉवरचं बटण सोडलेलं. मग मिक्सरच्या पोटात गरम आणि थंड लाइन एकमेकींना भेटतात आणि ज्या बाजूला प्रेशर जास्त ती दुसरीत घुसते. सोलरचं पाणी थंडच्या लाइनीतून जाऊन थेट बेसिनच्या नळाला येतं. हा निरुपद्रवी बॅकफ्लो आहे, कोणी आजारी पडत नाही, पण घरातल्या पाइपात पाणी किती सहज उलटं फिरतं ते कळायला याच्याइतका चांगला पुरावा नाही.

उपद्रवी प्रकार म्हंजे बोअर. बऱ्याच बंगल्यांत आणि सोसायट्यांत बोअरचं पाणी वापरायला आणि महापालिकेचं प्यायला, आणि दोन्ही लाइना कुठेतरी एका टीला (तीन तोंडांच्या जोडाला) जोडून मध्ये एक कॉक, "पाणी नाही आलं तर बोअरचं फिरवता येतं" म्हणून. दहा मीटर उंचीचं पाणी म्हंजे एक किलो प्रेशर असा ढोबळ हिशोब आहे. बोअरची सबमर्सिबल मोटार दोन-तीनशे फुटांवरून पाणी वर ढकलते म्हंजे तिच्यात किती किलोचा जोर असेल ते बघा, आणि महापालिकेच्या लाइनीत शेवटच्या घराला कधी एक किलो पण नसतो. मधला कॉक जुना होऊन जरा जरी पासिंग झाला, म्हंजे बंद असूनही आतून पाणी सोडायला लागला, किंवा कामवाल्या दादाने चुकून उघडा ठेवला, की बोअरचं पाणी तुमच्या प्यायच्या लाइनीत आणि तिथून गल्लीत. कॉक हा काही बंदोबस्त नाही, तो विसरण्याची सोय आहे. दोन्ही पाणी वापरायचंच असेल तर दोन्ही पाइप टाकीत वेगवेगळे आणि वरून पडू द्या, पाइपाला पाइप जोडू नका.

या "वरून पडू द्या" मध्येच निम्मं शास्त्र आहे. नळाचं तोंड आणि खालच्या भांड्यातली पाण्याची जास्तीत जास्त पातळी यांच्यात मोकळी हवा सोडायची. पाणी हवेतून उडी मारून वर चढू शकत नाही. प्लंबिंगचा जुना नियम असा की हे अंतर नळाच्या व्यासाच्या दुप्पट असावं आणि कमीत कमी २५ मिलिमीटर, म्हंजे इंचभर. अर्ध्या इंची नळाला इंचभर हवा! एवढी स्वस्त वस्तू प्लंबिंगच्या दुकानात दुसरी कुठली मिळणार. बेसिनचा नळ बेसिनच्या काठाच्या वर असतो तो उगाच शोभेसाठी नाही. आणि आपण काय करतो, तर नळाला वीतभर नळी सुतळीने बांधतो, कारण पाणी अंगावर उडतं, आवाज होतो, आणि ती नळी बादलीच्या तळाशी. धुण्याच्या बादलीत साबणाचं पाणी, लादी पुसायच्या बादलीत फिनेल. ती नळी कापून टाका किंवा निदान बादलीच्या काठाच्या वर संपेल एवढी आखूड करा.

अंडरग्राउंड टाकीचं झाकण उघडून एकदा बघा. महापालिकेचा पाइप आत येतो तिथे बॉल कॉक (टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने बंद होणारा नळ) असतो, तो ओव्हरफ्लोच्या भोकाच्या वर पाहिजे. कित्येक ठिकाणी रात्री धबधब्याचा आवाज येतो म्हणून प्लंबरने पाइप तळापर्यंत वाढवून दिलेला असतो. आवाज बंद, पण आता सप्लाय गेला की टाकीतलं पाणी परत लाइनीत. लोकं म्हणतात टाकी भरली होती, सकाळी कमी कशी? कधी गळती असते, कधी ती अशी परत गेलेली असते. टाकीचं तोंड जमिनीच्या वर उचललेलं आहे का आणि ड्रेनेजचं चेंबर तिला चिकटून नाही ना, तेही त्याच वेळी बघून घ्या, पावसाळ्यात अंगणातलं पाणी झाकणाच्या फटीतून आत जातं ते वेगळंच.

फ्लॅटवाल्यांनी गच्चीवर जावं. टाकीतून खाली येणाऱ्या लाइनीला एक उभा पाइप असतो, टाकीच्या वरपर्यंत गेलेला आणि टोकाला उलट्या जे सारखा वाकवलेला, बऱ्याच लोकांना तो कशासाठी आहे ते माहितीच नसतं. तो एअर पाइप. टाकी धुवायला मेन कॉक बंद केला आणि खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की लाइनीत पोकळी होते, तेव्हा हा पाइप हवा आत घेतो म्हणून वरच्या मजल्यावरच्या कमोडजवळचं किंवा बादलीतलं पाणी ओढलं जात नाही. आमच्या मावशीच्या बिल्डिंगमध्ये कबुतरं बसतात म्हणून त्याला कोणीतरी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून घट्ट बांधून टाकलं होतं! जाळी बांधा, पिशवी नको.

जेट स्प्रे हुकला अडकवायचा आणि वापर झाला की खालचा अँगल कॉक बंद करायचा, हे सांगून कोणी ऐकत नाही पण सांगतो. आरओच्या वेस्टेजची नळी सिंकच्या भोकात खुपसू नका, सिंक तुंबला तर तिचं टोक त्या घाणीत. गिझरच्या थंड बाजूला कंपनीचा जो छोटा व्हॉल्व्ह येतो त्याच्यात एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, तिच्याबद्दल पुढे) आणि सेफ्टी (जास्तीचं प्रेशर बाहेर सोडणारी सोय) दोन्ही असतं, तो थेंब थेंब गळतो म्हणून बुच मारू नका, ते धोक्याचं आहे.

आणि एनआरव्ही. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, काही शे रुपयांची पितळी वस्तू, आत स्प्रिंगवर बसलेली एक चकती, पाणी बाणाच्या दिशेने आलं तर उघडते आणि उलटं आलं तर मिटते. मीटरनंतर एक बसवून घ्यावा, बसवताना बाण घराकडे आहे ना ते स्वतः बघावं. पण याच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नका, वाळूचा एक कण किंवा खाराचा पापुद्रा चकतीखाली अडकला की तो मिटतच नाही आणि बाहेरून काही कळत पण नाही. म्हणून जिथे विषारी माल आहे, म्हंजे फॅक्टरीतले केमिकल बाथ, हॉस्पिटल, लॅब, तिथे एकामागे एक दोन व्हॉल्व्ह आणि मध्ये गळती बाहेर सोडणारी सोय असलेलं मोठं यंत्र लावतात. घरात एवढं नको, घरात एनआरव्ही हा दुसरा पहारेकरी, पहिला ती इंचभर हवा.

गंमत म्हंजे हे सगळं अण्णांना माहिती होतं. निफाडकडे आमचा द्राक्षाचा बाग, ठिबकला व्हेंचुरी (पाण्याच्या जोराने खत ओढून लाइनीत सोडणारी जोडणी) लावून खत सोडायचं तर आधी एनआरव्ही पाहिजेच, नाहीतर लाइट गेली, मोटार बंद पडली की खताचं पाणी लाइनीतून परत विहिरीत. फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीत औषधाचं पाणी भरताना पाइप आत बुडवला म्हणून अण्णांनी एकदा गड्याला चांगलं झापलं होतं, "विहीर नासवतो का काय" म्हणून. मी ती आठवण काढली तर म्हणाले, ते शेत आहे, हे घर आहे. मी काही बोललो नाही, पण ड्रमकडे बघितलं.

अशी भानगड झालीच तर काय करायचं, ते आम्ही जे केलं ते सांगतो. पहिलं म्हंजे मोटार लावू नका, वरच्या टाकीत चढलं की काम चौपट होतं. आम्ही सगळे नळ सोडून पाइप धुवून काढला, अंडरग्राउंड टाकी उपसून घासली, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतली, पुन्हा उपसली. प्यायचं पाणी आठवडाभर उकळलं, नुसतं गरम नाही, खळखळा उकळी आल्यावर पुढे मिनिटभर. जंतूंसाठी उकळणं पुरतं पण कीटकनाशक किंवा फिनेल गेलं असेल तर उकळून जात नाही, ते पाणी फेकूनच द्यायचं. आणि सगळ्यात अवघड काम म्हंजे उताराच्या बाजूच्या तीन घरांत जाऊन सांगणं. पन्नास लिटरातलं बरंचसं त्यांच्याकडे गेलं असणार. पहिल्या घरातल्या काकूंनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "मी कालपासून म्हणतेय टाकीला गोठ्याचा वास येतोय, हे म्हणतात तुझ्या नाकाला झालंय काहीतरी." काकांना हाक मारून बाहेर बोलावलं आणि माझ्यासमोर परत तेच वाक्य म्हणून दाखवलं. टाकी धुवायला मग मी पण गेलो.

आता ड्रमच्या कानाला सुतळीने नळी बांधलेली आहे, तोंड काठाच्या वर चांगलं वीतभर. पाणी वरून पडतं त्यामुळे शेण उडतं आणि अण्णांचा पायजमा रोज भरतो, आणि रोज सकाळी ते ओरडतात की ही नळी आत बुडवली असती तर काय बिघडलं असतं.